घुबडसेनाची सुधारित आवृत्ती

१

घुबडसेनाला उजवा हात आला होता.

उजवा हात असण्याबद्दल आत्याची तशी काही तक्रार नव्हती. तिला स्वतःलाही एक होता आणि त्यात या क्षणी प्रवासाची बॅग होती. पण घुबडसेनाला तो असायला नको होता, आणि आठवड्यापूर्वी ती मैत्रिणीकडे राहायला गेली तेव्हा नव्हताच. तिने बॅग खाली ठेवली, चष्मा पुसला आणि काचेच्या कपाटात पुन्हा पाहिलं. हात गेला नाही.

आत्या विमा कंपन्यांची सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाली होती. जळलेल्या गोदामात जायचं, राख चाळायची आणि आग लागली की लावली हे सांगायचं, हा तिचा धंदा. ऑफिसात तिला राखमॅडम म्हणत; तोंडावर नुसतं मॅडम. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. मोठा भाऊ, वहिनी, भाचा आणि भाचेसून यांच्यासोबत राहत होती. घर भाऊ-बहीण दोघांच्या नावावर होतं, पण ही गोष्ट सगळ्यांना वर्षातून एकदाच, कर भरायच्या वेळी आठवायची.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नाहीतर दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालतात. आत्याने ॲक्शन फिगर जमवायला घेतल्या. तिच्या लहानपणी ‘पोलादी पलटण’ नावाची बोटभर उंचीच्या वीरांची फौज दुकानात मिळायची. केस पांढरे झालेली तेव्हाची मुलं आता काहीही विकत घेतील हे ओळखून कंपनीने तीच फौज, त्याच खोक्यांत, ‘रेट्रो’ म्हणून पुन्हा काढली होती. घरचे त्यांना बाहुल्या म्हणत. आत्या दर वेळी “फिगर” म्हणून दुरुस्त करायची.

घुबडसेन हा त्या फौजेचा शत्रू. घुबडाचं तोंड, जांभळा झगा. खोक्यावरच्या चित्रात त्याचा डावा हात खाली सोडलेला होता आणि उजव्या हातात उंच धरलेली मशाल होती. पण त्या काळी कारखान्यात काहीतरी गफलत झाली आणि दोन्ही खांद्यांना डावेच हात बसले. त्यामुळे मशाल कायम खाली तोंड करून, कुणीतरी विझवायला धरावी तशी. आत्याच्या लहानपणीचा घुबडसेन असाच होता आणि तिने मुद्दाम शोधून आणलेला रेट्रो घुबडसेनही असाच होता.

लहानपणी दादा आणि त्याचे मित्र तिला एकाच अटीवर खेळायला घ्यायचे. घुबडसेन तिने व्हायचं, आणि शेवटी घुबडसेनाने मरायचं. कप्तान पोलाद अर्थात दादाचा. कप्तानच्या पाठीत, अंगरख्याखाली, एक खटका होता. खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता, ज्याच्याकडे कप्तान असे त्यालाच तो सापडायचा. खटका दाबला की कप्तानचा पाय झटक्यात सुटायचा आणि घुबडसेन आडवा. बालपणीच्या सगळ्या संध्याकाळी आत्या अशी मेली होती.

आता कपाटातला घुबडसेन मशाल उंचावून उभा होता. अगदी चित्रातल्यासारखा, धडधाकट आणि अनोळखी. शेजारी कप्तान पोलाद नेहमीप्रमाणे छाती काढून उभा होता. फक्त त्याचा एक पाय जरासा पुढे होता, आत्ताच कुठूनतरी आल्यासारखा.

कपाटाला कुलूप नव्हतं. घरात चोर नसतात अशी आत्याची समजूत होती. तिचा धंदा बघता ही समजूत जरा भाबडीच म्हणायची.

२

“बरं झालं आलीस,” दादा म्हणाला. “सूचना ऐकून घे.”

दादा निवृत्त मुख्याध्यापक. घरातही तो शाळा भरल्यावरच्या आवाजात बोलायचा. बाकीचे चहाचे कप धरून बसले होते.

“उद्या सकाळी बालवाडीच्या बाई येतील. तुझ्या बाहुल्या न्यायला.”

“फिगर,” आत्या म्हणाली.

“जे काय असेल ते. सूनबाईला घरून काम करायला खोली लागणार आहे. तुझी मोठी आहे, ती तिला. तुला मागची. तिथे कपाट मावत नाही, तेव्हा ही खेळणी मुलांच्या उपयोगी पडू देत. आपलं वय काय, आपण करतो काय, याचाही विचार व्हायला हवा.”

“खोलीचं वर्षभर चाललंय. उद्याच का?”

“बाईंना उद्या सवड आहे.”

“आणि मला विचारायचं?”

“तू नव्हतीस.”

आत्याने चहाचा घोट घेतला. “माझ्या कपाटातला घुबडसेन कुणीतरी बदललाय,” ती म्हणाली.

वहिनीने कप खाली ठेवला. “बदललाय म्हणजे काय वन्सं? परवाच तर होता तिथे.”

“आजही आहे. म्हणून बदललाय म्हणते. नसता तर गेलाय म्हटलं असतं.”

भाचा हसला. दादाने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने हसू चहात बुडवलं.

“खेळण्याची कसली चोरी,” दादा म्हणाला. “हा खोली न सोडण्याचा बहाणा आहे.”

“ठीक आहे. उद्या बाई येतील तेव्हा त्यांच्यासमोर सांगते, कुणी बदलला आणि का. नाही सांगता आलं तर सगळी पलटण मी माझ्या हाताने खोक्यात भरून देईन आणि मागच्या खोलीत जाईन. पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“आणि सांगता आलं तर?” भाच्याने विचारलं.

“तर माझ्या खोलीचं नाव या घरात कुणी काढायचं नाही. मी मरेपर्यंत. आणि मला काही घाई नाही.”

दादाने मान हलवली. पैज लागली होती. आता मागे फिरायचं तर बाईंना फोन करावा लागला असता, आणि मुख्याध्यापक काहीही करतील, सूचना मागे घेणार नाहीत.

३

जळालेल्या गोदामाच्या मालकाला आत्या नेहमी एकच गोष्ट विचारायची. डोळे मिटा आणि आत काय काय होतं ते सांगा. ज्याचं खरोखर जळलं असे तो मोडका पंखा, गळकं छप्पर, कोपऱ्यातलं मांजर सांगायचा. ज्याने जाळलं असे तो घडाघडा माल म्हणून दाखवायचा. जिथे आपण राहतो तिथली खोट माणसाला आधी आठवते, असं तिचं मत होतं.

वहिनी कपडे घड्या करत होती.

“वहिनी, न बघता सांगा. माझा घुबडसेन दिसायला कसा आहे?”

“मेल्याचं नाव नका काढू. धड हातसुद्धा नाहीत, दोन्ही डावे. मशाल उलटी. आणि डोळे असे, की मी पाठ फिरवली तरी माझ्याकडेच. तुम्ही नव्हता तेव्हा खिडकी लावायला जायचे, तेसुद्धा भिंतीकडे बघत.”

“मग तुम्हीच काढला असाल.”

“मला काढायचा असता ना वन्सं, तर पोत्यात भरून सगळीच वरात काढली असती. एकच काढायचा आणि त्याच्या जागी दुसरा आणून मांडायचा? मी काय खेळण्यांचं दुकान टाकलंय?”

हे खरं होतं. वहिनी रागावली की घाऊक रागवायची.

भाचा जुने मोबाइल आणि काय काय ऑनलाइन घेऊन विकायचा. घरातली प्रत्येक वस्तू तो एकदा तरी गिऱ्हाइकाच्या नजरेने बघायचा, त्यात आजी-आजोबांच्या तसबिरीही आल्या.

“डबल डावा!” तो म्हणाला. “आत्या, त्याचे फोटो मीच काढून दिले होते तुला. कशाने बदललाय?”

“उजवा हात आलाय.”

भाच्याने शीळ घातली. “म्हणजे सुधारित आवृत्ती. कंपनीने दोन काढल्या ना. एक मूळ साच्याची, चुकीसकट. ती जमवणारे हातोहात उचलतात. आणि दुसरी चूक दुरुस्त केलेली, ती दुकानात तशीच पडून आहे. जमवणारा ती फुकट दिली तरी घ्यायचा नाही.”

“मग कोण घेईल?”

“ज्याला यातलं काही कळत नाही तो. आणि हे बघ, मी हात मारला असता तर त्याच्या जागी ते भुसकट ठेवून तुला फसवायला गेलो असतो? तुला? माझा काही स्वाभिमान आहे की नाही?”

भाचेसून जेवणाच्या टेबलावर, खिडकीपाशी, कानाला यंत्र लावून मीटिंगमध्ये बसली होती. आत्या दिसताच तिने आपला आवाज बंद केला आणि पलीकडच्या माणसाला बोलू दिलं.

“डावखुरे काका?” ती म्हणाली. “मशाल अशी लोंबती. दमून ऑफिसातून घरी आल्यासारखे. मला आवडतात ते. हरवले का?”

“हरवलेत असं धर. तुला माझी खोली हवीय?”

तिने एकदा दाराकडे पाहिलं. “खरं सांगू आत्या? मी मागितलीच नाही. पूर्वी मी एकदा सहज म्हटलं होतं, तेवढंच. चार दिवसांपूर्वी बाबांनी एकदम जाहीर केलं. तुमच्या खोलीत नेट येत नाही नीट. मी इथे मजेत आहे.”

“बरं. मी नसताना घरी कोण आलं? काही आलं?”

“कुणी नाही. परवा बाबांचं एक पार्सल आलं, एवढंसं. चष्मा आलाय म्हणाले. मी उघडून देणार होते, तर माझ्या हातून असं ओढून घेतलं, जणू आत प्रश्नपत्रिका होत्या.”

पलीकडचा माणूस तिच्या उत्तराची वाट बघत थांबला होता. आत्याही थांबली होती. घरात नवा चष्मा येऊन दोन दिवस झाले आणि आज चहाच्या वेळी दादाच्या नाकावर जे होतं, त्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

४

दादा आरामखुर्चीत पेपर वाचत होता. दोरा चष्म्यावर होता तसाच होता, पण खिशात चष्म्याचं घर फुगलेलं होतं.

“बस,” तो म्हणाला. “हरलीस असं सांगायला आली असशील तर उभ्यानेही चालेल.”

आत्या बसली. “अंगठ्याला काय झालं?”

दादाने पट्टी बांधलेला अंगठा पेपराच्या मागे नेला. “कागदाने कापलं.”

“आयुष्यभर कागद तपासलेस तेव्हा नाही कापलं ते.”

“तेव्हा कागद चांगला असायचा.”

“एक सांग. न बघता. घुबडसेन कसा दिसतो?”

“मी असल्या गोष्टींकडे बघत नाही.”

“लहानपणी रोज बघायचास.”

दादाने पेपर खाली केला. क्षणभर त्याचा मुख्याध्यापकी चेहरा कुठेतरी गेला आणि त्याच्या जागी हाफ पँटमधला कुणीतरी येऊन बसला. “घुबडाचं तोंड,” तो म्हणाला. “जांभळा झगा. मशाल उंच धरलेली. खोक्यावर होता तसा.”

“आणि हात?”

“हात काय, दोन. सगळ्यांना असतात तसे. एक डावा, एक उजवा. हा काय प्रश्न झाला?”

एवढी वर्षं, अंगणात, जिन्यात, पलंगाखाली, तो तिच्यासमोर बसून खेळला होता. घुबडसेनाला किती वेळा आडवा केला याची मोजदाद नव्हती. पण तो पडल्यावर उचलायचं काम तिचं होतं.

ती उठली. कुणी, कधी, कसं, सगळं तिला समजलं होतं. त्याहून जरा जास्तच समजलं होतं, आणि त्या जास्तीच्या भागाचं करायचं काय हे तिला एकाही गोदामात कुणी शिकवलं नव्हतं.

“हरलीस का?” दादाने मागून विचारलं.

“उद्या सांगते,” ती म्हणाली. “चष्म्याचं घर मात्र जवळ ठेव. लागेल.”

पेपर परत वर गेला. तो उलटा होता.

५

बालवाडीच्या बाई तीन रिकामी खोकी घेऊन वेळेवर आल्या. त्यांना खुर्ची आणि बिस्किट दिलं गेलं. आपण साक्षीदार आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

आत्याने कप्तान पोलाद आणि नवा घुबडसेन टेबलावर मांडले.

“माझा घुबडसेन चोरायचा म्हणून कुणी नेला नाही,” ती म्हणाली. “चोराने तो उचलला असता आणि गेला असता. इथे कुणीतरी त्याच्या जागी नवा आणून ठेवला. म्हणजे माझा मोडला, आणि मोडणाऱ्याला ते मला कळू द्यायचं नव्हतं.”

“हे मी केलेलं नाही,” वहिनी बाईंना म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

“तुम्ही नाहीच वहिनी. तुम्हाला दोन्ही हात डावे हे पाठ आहे. तुमच्या लेकाला ठाऊक आहे, सूनबाईला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणी बदली आणली असती तर निदान हात मोजून आणले असते. उजव्या हाताचा तोच आणेल ज्याने माझ्या घुबडसेनाकडे कधी नीट पाहिलंच नाही. वर, दुकानात दोन आवृत्त्या असताना ‘सुधारित’ असं लिहिलेली उचलेल. पुस्तकाची जुनी आवृत्ती आणली म्हणून जन्मभर पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा माणूस दुसरं काय उचलणार?”

सगळे दादाकडे बघायला लागले. बाईही बघायला लागल्या, त्या त्याच्याच शाळेत शिकल्या होत्या.

“हा तर्क झाला,” दादा म्हणाला. “पुरावा नाही.”

“पुरावा उभा आहे.” आत्याने कप्तानकडे बोट दाखवलं. “मी आले तेव्हा याचा एक पाय पुढे होता. मी खटका कधी दाबत नाही, स्प्रिंग ढिली पडते. खटका अंगरख्याखाली आहे. तो आहे हे या घरात दोघांनाच माहीत. एक मी, कारण मी लाथ खाल्लीय. दुसरा कोण?”

दादाने दोऱ्याची दांडी कानामागे सारखी केली. उत्तर वहिनीला आधी सापडलं.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही यांच्या बाहुल्यांशी खेळत होतात?”

“फिगर,” दादा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि टेबलावर उघडलं. आत जांभळ्या झग्यात घुबडसेन पहुडला होता. उजव्या खांद्याचा डावा हात तुटून पुन्हा गोंदाने चिकटवलेला होता, तोही वेडावाकडा. गोंदाचा जो वाटा हाताला लागला नव्हता तो दादाच्या अंगठ्याला लागला होता.

“मी त्याला स्पर्शही केला नाही,” दादा म्हणाला. “कप्तानने केलं. खटका अजून चालतो का, एवढंच बघत होतो.”

“एकदाच?”

“तू गेलीस त्या दिवशी एकदा.”

“आणि?”

“रोज एकदा.” त्याने घसा साफ केला. “चौथ्या दिवशी पडला तो. फरशीवर. मग वाटलं, तुला कळायच्या आत सगळीच कुठेतरी गेलेली बरी.”

“म्हणून बालवाडी.”

“मुलांना आनंद झाला असता,” दादा म्हणाला, पण ते त्याला स्वतःलाही फारसं पटलेलं दिसलं नाही.

आत्याने घुबडसेनाला उचलून तळहातावर घेतलं.

“दादा, म्हातारी बाहुल्यांशी खेळते असं तू बिल्डिंगभर सांगत फिरलास. मी खेळत नाही. खेळायला समोर कुणीतरी लागतं. मी नुसती बघत बसते. मी मोठी झाले म्हणून आईने माझा घुबडसेन देऊन टाकला. तुझा कप्तान तुझ्या दप्तरात होता. तू माझ्याहून मोठा, पण तुला कुणी मोठा झालास म्हणालं नाही. आता परत मी मोठी झाले म्हणून द्यायचं ठरवलंस. एकदा झाले तेवढं पुरे. पुन्हा होणार नाही. खोली माझी, कपाट माझं, आणि ही सगळी पलटण माझ्या डोळ्यांसमोर राहील. कुणाला वय आठवायचंच असेल तर त्याने आपलं आठवावं.”

भाचेसुनेने मीटिंगमध्ये वाजवतात तशा बिनआवाजी टाळ्या वाजवल्या.

“मग मी काय नेऊ?” बालवाडीच्या बाईंनी विचारलं.

आत्याने नवा घुबडसेन त्यांच्या खोक्यात ठेवला. “हा न्या. सुधारित आहे. मुलांना दाखवायला बरा.”

दुपारी तिच्या दारावर टकटक झाली. या घरात तिचं दार कुणी वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं. दादा चष्म्याचा दोरा सारखा करत उभा होता.

“पाय मागे घेतलास ना?” त्याने विचारलं. “कप्तानचा. तसाच राहिला तर स्प्रिंग जाते.”

“ये आत.”

दादा गुडघ्यांना सूचना देत देत सतरंजीवर बसला. कप्तान त्याने अगदी सवयीने उचलला. समोर आत्याने घुबडसेन उभा केला. गोंदाने हात भलताच चिकटला होता. मशाल आता ना वर होती ना खाली. ती सरळ समोर, कप्तानच्या छातीवर रोखलेली होती.

“तो मी नीट करून देतो,” दादा म्हणाला.

“राहू दे. इतकी वर्षं हे कुणाला सुचलंच नव्हतं.”

दादाने कप्तानला दोन पावलं पुढे आणलं आणि थांबवलं. अंगरख्याखाली त्याचं बोट खटक्यावर गेलेलं आत्याला दिसलं.

“शेवटी घुबडसेन मरतो,” त्याने आठवण करून दिली. “नियम आहे.”

“ती जुनी आवृत्ती,” आत्या म्हणाली, आणि घुबडसेनाच्या पाठीमागे तिने आपलं बोट घट्ट टेकवलं.

खटका वाजला. कप्तानची लाथ बसली आणि कप्तानच मागच्या मागे सतरंजीवर आडवा झाला.

“उचल त्याला,” आत्या म्हणाली. “पडला की उचलायचं काम तुझं.”